घरचं तोंड

गुरवानं रखुमाईच्या तोंडावरचं फडकं काढलं आणि माझ्या शेजारी बसलेली हौसाक्का म्हणाली, "अगं तारे, ही तर तूच की."

तशी ती हळूच बोलली होती. पण हौसाक्काचं हळू बोलणं म्हणजे दुसऱ्या बाईची हाक. पुढच्या रांगेतल्या बायका वळल्या. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग रखुमाईकडं, मग परत माझ्याकडं. कुणीतरी "व्हय गं" म्हणालं. काहीतरीच बोलते आक्का, असं म्हणत मी हसले आणि मान वर करून नीट बघितलं. ते हसू तसंच तोंडावर राहिलं. ते कुठं ठेवावं मला कळेना.

डोळे अजून उघडायचे होते. त्या जागी नुसत्या गुळगुळीत पापण्या होत्या. पण खालचा ओठ जरासा आत ओढलेला होता, डाव्या बाजूनं थोडा जास्त. तो ओठ माझा होता. राग आला आणि बोलायची सोय नसली, की मी तो तसा दाताखाली धरते. लहानपणी आई म्हणायची, "सोड गं, तुटून हातात यील." माझं तोंड कसं दिसतं ते मला आरशातनं जेवढं ठाऊक तेवढंच. पण रुसल्यावर कसं दिसतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. काळ्या दगडातला माझा रुसवा कमरेवर हात ठेवून उभा होता आणि अख्खा गाव त्याच्यापुढं हात जोडून बसला होता.

आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरातली जुनी रखुमाई झिजली होती. किती पिढ्यांचं दूध, दही, पाणी तिच्या अंगावरून गेलं असेल कोण जाणे. नाक गेलं, ओठ गेले, शेवटी तोंडाच्या जागी नुसता गोटा राहिला. तेव्हा सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी नवी मूर्ती बसवायची असं गावानं ठरवलं आणि सुपारी आमच्या घरात आली. आमचं घर पाथरवटाचं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आसपासच्या गावांतले कितीतरी देव घडवले होते. ते वारल्यावर त्यांची छिन्नी-हातोडी माझ्या मालकांकडं, केरबांकडं आली. आणि त्यांच्या दंडकांचं गाठोडंही आलं.

त्यातला एक दंडक साऱ्या गावाला ठाऊक होता. पाथरवटाचा हात लबाड असतो, असं मामंजी म्हणायचे. रोज डोळ्यांपुढं जे असतं तेच तो गुपचूप काढतो. एका गावच्या मारुतीला म्हणे कारागिराच्या मेव्हण्याचे गाल आले आणि त्या गावात कुणाला धड हसू न येता पाया पडता येईना. म्हणून मूर्तीचं तोंड घ्यायची वेळ आली, की कारागिरानं घर सोडायचं. दगडापाशीच राहायचं, एक वेळ जेवायचं, आणि देवाचे डोळे उघडेपर्यंत घरातल्या कुणाचं तोंड बघायचं नाही. घरचं तोंड आलं, की देव घरचा राहतो, गावाचा होत नाही.

तर महिनाभर आमचे हे ओढ्याकाठच्या छपरात होते. मी दुपारी भाकरी घेऊन जायची, उंबऱ्यावर ठेवायची, कडी वाजवायची आणि पाठ फिरवायची. मी चिंचेपर्यंत गेले, की मागं दार करकरायचं. इतकंच.

खरं सांगायचं तर मला त्याचं फार वाटायला नको होतं. घरात असतानाही ते बोलणाऱ्यातले नव्हते. दोन लेकरं झाली तरी माझ्या हातात हिरव्या बांगड्या आहेत की तांबड्या, हे त्यांना अचानक विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. जेवतानासुद्धा ताटाच्या कडेला बोटानं रेघा ओढायचे. दगड डोळ्यांत असायचा. माझं काय ते सुख कीर्तनात. वीणा खांद्यावर आली, टाळ लागले, बुवांनी पहिला चरण धरला, की मला माहेरी आल्यासारखं व्हायचं. कामं उरकून, लेकरं काखेत मारून मी तीन-तीन गावं चालत गेलेली आहे. जागरणानं डोळे लाल व्हायचे, पण मन धुतल्यासारखं असायचं.

पण त्या महिन्यात दार बंद होतं, म्हणून मला राग यायला लागला. उघड्या दारातून न बघणारा माणूस चालतो, बंद दारामागचा चालत नाही, असलं काहीतरी बाईच्या मनाचं असतं. मी कडी जरा जास्तच जोरात आपटायला लागले. एकदा तर मुद्दाम कालवणात मीठ घातलं नाही. बघू तरी काही कळतं का. भांडं रिकामं होऊन उंबऱ्यावर आलं, घासून पुसून. मी ओठ दाताखाली धरून घरी आले.

आणि आता तो ओठ गाभाऱ्यात होता.

कुजबुज बायकांतून पुरुषांत गेली. तिथून पुढं बसलेल्या बयाजी तात्यांपर्यंत गेली. तात्या देवळाचे पंच, हौसाक्काचे धाकटे भाऊ. माणूस वाईट नव्हता. देवाच्या कामात खोट नको, यासाठी त्यांना रात्र-रात्र झोप लागत नसे. त्यांनी रखुमाईकडं बघितलं, मग कधी नव्हे ते बायकांच्या बाजूला बघितलं. मी पदर ओढेपर्यंत उशीर झाला होता.

आमचे हे गाभाऱ्याच्या दाराशी ओल्या धोतरात बसले होते. पाठ आमच्याकडं. मांडीवर पाटी आणि पाटीत डोळे उघडायची सोन्याची सळई. त्यांना अजून वळायची मुभा नव्हती. कीर्तनकार गहिनीबुवा विणेकऱ्याशी बोलत उभे होते. डोळे उघडले, की लगेच काल्याचं कीर्तन सुरू व्हायचं होतं.

तात्यांनी हात वर केला आणि सगळं थांबवलं.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. या मूर्तीला माणसाचं तोंड आलेलं आहे आणि ते कुणाचं आहे हे सगळ्यांना दिसतंय. दंडक मोडल्याशिवाय असं होत नाही. आता दोनच गोष्टी झालेल्या असू शकतात. एक, बाईमाणसानं वेडेपणानं दार ढकलून आत डोकावलं असेल. ती चूक बाईची, कारागिराची नव्हे. तसं असेल तर मूर्तीला अभिषेक घालू आणि पुढच्या सप्ताहापर्यंत त्या बाईनं देवळाची पायरी चढायची नाही. नाहीतर दुसरी गोष्ट, कारागिराचंच मन व्रतातून ढळलं असेल. मग ही मूर्ती गावाची नाही. ज्याची त्यानं घरी न्यावी.

मी यांच्या पाठीकडं बघत होते. पाठीवर दगडाची पूड अजून होती. आंघोळ करूनही मणक्याच्या खोबणीतली गेली नव्हती. मूर्ती परत आली, तर ती आमच्या अंगणात उभी राहणार. येणारा-जाणारा म्हणणार, हीच ती. आणि त्यानंतर कुठलं गाव या हातांना देव घडवायला देणार होतं? मामंजींचं नाव, यांचं नाव, मोठा लेक नुकता छिन्नी धरायला लागला होता त्याचं पुढचं, सगळं त्या सळईच्या टोकावर आलं होतं.

आणि दुसऱ्या बाजूला वर्षभर पायरी नाही. वर्षभर कीर्तन नाही. खाली रस्त्यावर उभं राहून टाळ ऐकायचे, पापिणीसारखे.

मी उठले. जन्मात कधी चारचौघांत बोलले नव्हते. म्हटलं, "मी गेलते आत. दार ढकलून. माजी चूक हाय."

देवळात खोटं बोलले. विठ्ठलाच्या समोर, सप्ताहात, सकाळपासून तोंडात पाणी न घेता. माझे कान इतके तापले, की आपण खोटं बोलतोय हे सगळ्यांना कानांवरूनच कळतंय असं वाटलं. तात्यांनी मान हलवली. त्यांना बिचाऱ्यांना सुटल्यासारखं झालं होतं. मागं कुणी बाई म्हणाली, "कीर्तनाला म्होरं बसती रोज, आन हे असं." मला ते ऐकू आलं. ते ऐकू यावं म्हणूनच म्हटलं होतं.

मी पायरीकडं निघाले. तेवढ्यात आमचे हे बोलले.

"खोटं हाय त्ये."

पाठ तशीच होती आमच्याकडं. आवाज बसका. महिनाभर कुणाशी बोलले नव्हते, त्यामुळं शब्द घशात अडकून येत होते.

"ती आत आली न्हाई. एक दीस बी न्हाई. कडी वाजवायची आन जायची."

तात्या म्हणाले, "केरबा, इचार करून बोल. मग हे तोंड आलं कुठनं?"

मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. कॅलेंडरवरचं चित्र बघितलं, स्वप्नात देवी आली, काहीही. दुसरा कुणी असता तर स्वप्नच सांगितलं असतं आणि गावानं हात जोडले असते.

"आठीवलं," ते म्हणाले.

"काय?"

"घरात व्हतो तवा ती रोज म्होरं असायची. तवा कदी बघितलं न्हाई. दार लावलं, आन आठवाय लागली." मग थोडं थांबून, जसं काही त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं, "लई आठवाय लागली."

अख्ख्या देवळात कुणी हसलं नाही आणि सगळ्यांना हसू आलं. बायकांनी पदराचे बोळे तोंडाशी नेले. माझी दोन लेकरं बसली होती तिथं, माझा दीर होता, वेशीवरचा शिंपी होता. आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नव्हते, वाटेनं चालताना सोबत चालत नव्हते. आणि या माणसानं विठ्ठलाला साक्षी ठेवून, भर सप्ताहात, असलं सांगितलं होतं. मी पायरी आणि खांबाच्या मध्ये अडकून उभी होते. पुढं जावं की मागं, कळत नव्हतं. जमीन दुभंगायची ती सीतेसाठी. आमच्यासाठी फरशीसुद्धा हलत नाही.

तात्यांचं तोंड उतरलं. बाईची चूक अभिषेकात धुऊन निघणार होती, आता तसं राहिलं नव्हतं. ते अगदी दुःखानं म्हणाले, की मग माझा इलाज नाही, केरबा.

गहिनीबुवांनी चिपळ्या बाजूला ठेवल्या आणि आमच्या यांच्याजवळ जाऊन बसले. अगदी कडेला, शेजारी बसावं तसे.

"केरबा, तुझ्या बापाचा शब्द काय होता? जसा होता तसा सांग."

"घरच्या मानसाचं तोंड बघायचं न्हाई."

"बघितलंस?"

"न्हाई."

"आठवायचं नाही, असं म्हणाले होते?"

यांनी विचार केला. "त्ये कोण सांगनार, बुवा? त्ये काय सांगून ऱ्हातंय व्हय?"

आता मात्र लोक हसले. बुवाही हसले. मग ते तात्यांकडं वळले. त्यांचा आवाज कीर्तनातला नव्हता, ओसरीवरचा होता. पण तो मला अजून ऐकू येतो.

"तात्या, सात दिवस आपण इथं घसा कोरडा करून काय मागतोय? दार लागलेलं असावं, तो समोर दिसू नये, आणि तरी त्याचं तोंड आठवावं. एवढंच ना? माझे केस पिकले, मला अजून धड जमलेलं नाही. ह्याला एका महिन्यात जमलं." मग रखुमाईकडं बघून म्हणाले, "बायकोचं का होईना."

तात्यांनी टोपी काढली, परत घातली. ते कुणाकडं बघत होते, ते मला नंतर कळलं. ते आपल्या थोरल्या बहिणीकडं बघत होते. हौसाक्का तिशीतच विधवा झालेली, भावाच्या घरी जन्म काढलेला. गावातली सगळ्यात तिखट जीभ. तिचा पदर तोंडाशी होता, पण ती हसत नव्हती.

"बघतोस काय," ती म्हणाली. "उघडा की डोळं. माऊलीला किती येळ आंधळी बसवताय?"

डोळे उघडले. देवाची पहिली नजर माणसावर पडू नये, म्हणून गुरवानं समोर आरसा धरला. यांनी बाजूनं बसून, आरशात बघत, आधी उजवी बाहुली कोरली, मग डावी. शंख झाला, गजर झाला, बुक्का उधळला. हे सगळं मी नंतर लोकांकडून ऐकलं. मी त्या वेळी खांबाआड बसून फरशी बघत होते. काल्याचं कीर्तन झालं. बुवांनी काय निरूपण केलं ते मला आठवत नाही. माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच कीर्तन मला आठवत नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आमचे हे गेले, बुवा गेले, तात्या आणि हौसाक्का गेली. रखुमाई आहे. मी रोज देवळात जाते आणि तिच्या पायांवर डोकं ठेवते. त्या दिवसानंतर मी तिच्या तोंडाकडं कधीच बघितलेलं नाही, अजूनही नाही. बघायला गेले, की कान तापतात. नव्या सुनांना हे काही माहीत नाही. त्या आपसात म्हणतात, तारामावशींची भक्ती बघा, आईच्या पायांवरून नजर म्हणून हलत नाही. मी आणखी शरमेनं पुढं सरकते.

त्या दिवसातलं एवढंच सांगायचं राहिलं.

दुपारी काल्याचा प्रसाद झाल्यावर मी लेकरांना घेऊन आधी घरी आले. चूल पेटवली. ते मागून आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. व्रत सुटलं होतं. मी पाठमोरीच भाकरी थापत होते, उगाच तीनच्या जागी सहा थापल्या. कसंही करून वाढायला तर जायला लागणारच होतं. आणि सकाळपासून जे माझ्या तोंडात आलं होतं ते बाहेर पडलं. म्हटलं, "येवढ्या मानसांत सांगायची काय गरज व्हती? मी घेतलं व्हतं की अंगावर."

मी कालवण वाढायला वाकले, तेव्हा ते ताटाच्या कडेला रेघा ओढत नव्हते. मान वर करून माझ्याकडं बघत होते. महिनाभर न बघितलेलं बघत होते की त्याच्याही आधीचं, मला सांगता येणार नाही. घास हातात तसाच. मी दगड असते तर एवढ्या बघण्यानं तासली गेले असते.

"काय झालं?" मी म्हटलं. "मीठ हाय आज."

"नाक," ते म्हणाले. "नाक जरा चुकलं माझं."

मी पदर पार हनुवटीपर्यंत ओढला आणि विचारलं, ताक घेणार का.